राक्षसाकडे कोणाला पाठवायचं

देवकाबाई मोहटाकळीत सून म्हणून आली तेव्हा तिच्या माहेरून, तळेगावहून, तिच्यासोबत पितळेची दोन भांडी, एक सतरंजी आणि एक गोष्ट आली. भांडी पाहून सासूनं पहिल्याच आठवड्यात नाक मुरडलं. सतरंजी कोणाच्या तरी लग्नात अंथरायला गेली ती परत आलीच नाही. गोष्ट तेवढी राहिली, कारण तिला कोणी हात लावला नाही.

गोष्ट साधीच होती. एका राजकन्येचं हसू राक्षसानं चोरलं, लाखेच्या डबीत घातलं आणि सात डोंगरांपलीकडे आपल्या गुहेत नेऊन ठेवलं. राजकन्या हसेना, म्हणून राज्यात कोणालाच हसू येईना. मग एक राजपुत्र पांढऱ्या घोड्यावर बसून डबी आणायला निघाला. वाटेत त्याला पुरानं फुगलेली नदी लागली, मग पायात काटा रुतलेली म्हातारी लागली आणि शेवटी राक्षस. राजपुत्रानं नदीत उडी घेतली, म्हातारीचा काटा काढला, राक्षसाला लोळवलं आणि हसू परत आणलं.

मोहटाकळी हिंगणीच्या पुढं, बोर धरणाच्या अंगाला, जंगलाला पाठ टेकून बसलेली. त्यामुळे गावातल्या बायांना सात डोंगर कुठले हे सांगावं लागत नसे. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उभं राहिलं की दिसायचे.

दिवाळी झाली की बाबारावांच्या वावरात वेचणी सुरू व्हायची. गावची चांगली काळी जमीन बहुतेक बाबारावांचीच, आणि सरपंचही तेच. देवकाबाईच्या घरचं वावर लहान, तिथला कापूस लवकर उरकायचा. तिचा नवरा रूपराव बैलांच्या मागं असायचा आणि ती बाबारावांकडे वेचायला जायची. कमरेला ओटी बांधून बाया ओळीनं कपाशीच्या पऱ्हाटीत शिरल्या की देवकाबाई मोठ्यानं गोष्ट सांगायची. हात आपोआप चालत, कान रिकामे असत.

चौऱ्याहत्तर सालच्या वेचणीत, राजपुत्र घोड्यावर टांग टाकत होता तोच शेजारच्या ओळीतली आनंदाबाई वैतागली. आनंदाबाईचं तोंड गावात प्रसिद्ध होतं.

"त्याले घोडा आहे, बापाचं राज्य आहे. तो नाई जाईन तं कोण जाईन व? दरसाल तोच काऊन? आपल्या गावातला एखादा धाडून पाह्य ना."

"आपल्यातला कोणाले धाडू?"

आनंदाबाईनं निंबाखाली उभ्या असलेल्या बैलबंडीकडे हनुवटी वळवली. बंडीच्या सावलीत बाबाराव पान लावत बसले होते.

"मालकाले धाड."

देवकाबाईनं दोन झाडांचा कापूस वेचेपर्यंत विचार केला आणि बाबारावांना धाडलं.

बाबाराव निघाले. घोड्यावर नाही, फटफटीवर, कारण घोड्याला हार घातला तर तो खाऊन टाकतो. गावोगावी सत्कार घेत घेत हिंगणीला पोचायलाच त्यांना महिना लागला. पुढं नदी आडवी आली, दोन्ही थड्या भरून. बाबाराव काठावर उभे राहिले, गळ्यातला हार सारखा केला आणि नदीलाच म्हणाले, "पुढल्या वर्षी इथं पूल होईन!" नारळ फोडला, अर्धा सोबतच्यांना वाटला. पुढं काट्याची म्हातारी भेटली. तिला म्हणाले, "आजी, तुह्या काट्याचा प्रश्न मी वर मांडतो." एवढ्या गलक्यानं राक्षस स्वतःच गुहेतून उतरून खाली आला. बाबारावांनी त्याला हार घातला, शेजारी बसवला आणि सोसायटीचा अध्यक्ष करून टाकला.

"अन् हसू?" आनंदाबाईनं विचारलं.

"डबी राह्यली ना अध्यक्षाच्या टेबलावर. कागद उडू नाई म्हून ठेवली."

बाया पऱ्हाटीत खाली बसून हसल्या. एकीची ओटी सुटून कापूस सांडला. हसणं निंबाखाली पोचलं आणि बाबाराव उठून आले. ते जवळ येताना आनंदाबाई खोकली, आणि खोकल्याचा अर्थ कळून देवकाबाईनं गोष्ट जागच्या जागी वळवली.

"तं बाबारावजींनी घेतली नदीत उडी! राक्षस नुसता पाहूनच थरथर कापला!"

बाबाराव पऱ्हाटीआड थांबले. राक्षस कापलेला त्यांनी नीट ऐकून घेतला. तिथं आपण ऐकलं नाही असं दाखवून ते परत गेले, पण त्या दिवशी वेचणाऱ्या बायांना घरून गुळाचा चहा आला आणि संध्याकाळी पानठेल्यावर सगळ्यांना कळलं की वावरातल्या गोष्टीत राक्षसाला कोण मारतं.

इथून गोष्टीला पाय फुटले.

आठवड्याभरात प्रभाकरराव गुरुजी देवकाबाईच्या दाराशी उभे राहिले. शाळेतल्या मुलांची नावं घ्यायला आलो म्हणाले. देवकाबाईच्या घरी शाळेच्या वयाचं मूल नव्हतं. मग गुरुजी मुद्द्यावर आले. "मी काय म्हणतो, राक्षसाशी सामना करायचा म्हणजे नुसतं बळ कामाचं नाही. चार अक्षरं शिकलेला माणूस हवा." बोलता बोलता त्यांनी टोपी सरळ केली.

देवकाबाईनं त्यांनाही धाडलं. गुरुजींनी राक्षसाला पाटीवर 'राक्षस' लिहायला लावलं. त्याचं चुकलं. गुरुजींनी तेच शंभर वेळा लिहायला सांगितलं. राक्षस लिहीत बसला आणि तेवढ्यात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, म्हणून गुरुजी घरी आले. दवाखान्यातला कंपाउंडर गेला तेव्हा त्यानं नदीला, म्हातारीला आणि राक्षसाला एकाच सुईनं इंजेक्शन दिलं आणि तिघांनाही तेच लाल औषध बाटलीत भरून दिलं. राक्षसाची खोकल्याची तक्रार तेवढी गेली.

मजा अशी की कोणी रागावलं नाही. ज्याची गोष्ट असे त्याच्या कानावर फक्त त्याचं निघणं घातलं जाई, परत येणं बाकी गाव ऐकत असे. त्यामुळे गुरुजी बाबारावांच्या नारळावर मनसोक्त हसत आणि बाबाराव गुरुजींच्या पाटीवर. रागावले फक्त लक्ष्मणराव. त्यांचंही वावर मोठं होतं, बाबारावांसारखं त्यांनाही सरपंच व्हायचं होतं, आणि त्यांना गोष्टीत कोणी घेतलंच नव्हतं. "आमच्यात काय कमी आहे?" हा निरोप त्यांनी तीनदा वेगवेगळ्या माणसांकडून पाठवला.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास ग्रामपंचायतीची निवडणूक आली. एका बाजूला बाबाराव, दुसऱ्या बाजूला लक्ष्मणराव. मारुतीच्या पारासमोर बाबारावांची सभा ठरली. वर्ध्याहून एक मोठे पुढारी यायचे होते. ते येईपर्यंत लोक बसून राहावेत म्हणून बाबारावांना एक युक्ती सुचली आणि ते स्वतः देवकाबाईच्या अंगणात आले.

"देवकाबाई, आपली ती गोष्ट सांगजो स्टेजवर."

"मालक, मी वावरातली बाई. भोंग्यावर मले नाई जमत."

"काऊन नाई जमत? राक्षस माह्यासमोर थरथर कापते ना? तेवढंच सांगजो."

ते गेल्यावर रूपरावानं गोठ्यातून मान बाहेर काढली. हा माणूस दिवसाकाठी मोजकं बोलायचा.

"तेवढंच सांगशीन?"

"तेवढंच," देवकाबाई म्हणाली. आणि तिनं ते अगदी मनापासून ठरवलं होतं.

सभेच्या दिवशी ती डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरून स्टेजवर चढली. एका खुर्चीत बाबाराव, शेजारच्या खुर्चीत गळाभर हार घातलेले पुढारी. ते नेमके लवकर आले होते. खाली एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. देवकाबाईनं माइककडे न पाहता सुरुवात केली. राजकन्येचं हसू चोरीला गेलं, बाबारावजी डबी आणायला निघाले, इथपर्यंत ठीक गेलं. टाळ्याही पडल्या.

"पुढं नदीले पूर. बाबारावजी काठावर उभे राह्यले. अन् बाबारावजींनी..."

श्वास घ्यायला ती थांबली तेवढ्यात बायांतून आनंदाबाईचा आवाज आला, "नारळ फोडला!"

वेचणीवरच्या सगळ्या बाया एकदम फुटल्या. देवकाबाई गडबडली. "नाई, नाई. बाबारावजींनी उडी..."

"पूल पुढल्या वर्षी!" दुसरीकडून आवाज आला.

पुरुषांत कुजबूज सुरू झाली, आणि ज्यांच्या घरच्या बाया वावरात जायच्या त्यांनी बाकीच्यांना पूल आणि नारळ समजावून सांगितला. हसणं त्या बाजूनंही आलं. देवकाबाईनं ओठ घट्ट मिटले, पण हसू नाकातून निघालं आणि माइकनं ते सगळ्या गावाला ऐकवलं. मग तिला धरवेना. चार वर्षं रोज सांगितलेली गोष्ट ती, जिभेला तीच वाट माहीत. म्हातारीचा काटा वर मांडला गेला. राक्षस खाली आला. बाबारावांनी त्याला हार घातला, शेजारी बसवला आणि अध्यक्ष केला.

लोकांनी एकाच वेळी बाबारावांच्या शेजारी पाहिलं. तिथं पुढारी हार घालून बसले होते. ते खरोखरच सोसायटीचे अध्यक्ष होते.

"हा राक्षस कोण?" पुढाऱ्यांनी बाबारावांना हळूच विचारलं. हळूच विचारलेलंही माइकनं पकडलं.

बाबारावांनी हे सगळं हसतमुखानं पार पाडलं. लोक इतके हसताहेत म्हणजे सभा रंगली, असंच ते घरी जाईपर्यंत धरून चालले होते. घरी त्यांच्या बायकोनं, भागीरथाबाईनं, त्यांना काय झालं ते सांगितलं. त्या रात्री बाबाराव जेवले नाहीत म्हणे.

तरीही निवडून तेच आले. कारण दुसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांनी आपल्या सभेत पहिलंच वाक्य पुलाचं टाकलं आणि खालून पन्नास आवाज आले, "नारळ!" लक्ष्मणरावांना पुढचं भाषण आठवेना. दोघंही सारखेच ठरल्यावर ज्याच्याकडे मतदारांना आणायला जीप होती त्याला लोकांनी निवडलं. फक्त त्या दिवसापासून बाबारावांचं नाव गावात नारळसरपंच पडलं. त्यांनी सरपंच झाल्यावर पहिला निर्णय हा घेतला की देवकाबाईनं आपल्या वावरात पाय ठेवायचा नाही.

लक्ष्मणरावांनी तिला त्याच दिवशी बोलावणं धाडलं. त्यांच्या वावरात ती वेचायला लागली की ते धुऱ्यावर छत्री लावून बसत आणि हुकूम सोडत, "नारळाची सांग." तिनं सांगितली. दुसऱ्या दिवशी परत, "नारळाची सांग." आठवडाभर बाया तीच गोष्ट ऐकून जांभया द्यायला लागल्या.

"मालक, आज तुमाले धाडू का?" एकदा देवकाबाईनं विचारलं.

लक्ष्मणरावांनी छत्री खाली केली. इतकी वर्षं त्यांना हेच हवं होतं. पण सभेतले ते पन्नास आवाज त्यांच्या कानात असावेत. "मी कायले? बाबारावचीच सांग," ते घाईनं म्हणाले.

मग देवकाबाईनं गोष्टच बंद केली. घसा बसला म्हणाली. लक्ष्मणरावांच्या वावरात तिचा घसा संक्रांतीपर्यंत बसलेला राहिला.

तिकडे बाबारावांच्या वावरात वेचणी रेंगाळली. बाया एका ओळीला दोन ओळींचा वेळ लावत, पाठ दुखते म्हणत, पाणी प्यायला उठत. झाडांवर कापूस लोंबत होता आणि आभाळात अवेळी ढग जमायला लागले होते. तेव्हा एका सकाळी भागीरथाबाई देवकाबाईच्या अंगणात आल्या. सरपंचांची बायको कोणाच्या अंगणात अशी एकटी येत नसे. देवकाबाईनं घाईनं पोतं अंथरलं.

"आजपासून ये वावरात," भागीरथाबाई म्हणाल्या.

"मालक?"

"मालकाले मी सांगून आली. कापूस भिजला तं राक्षस येऊन वेचीन काय म्हटलं." त्या पोत्यावर बसल्या. "एक इचारू? ते एवढे गेले राक्षसाकडे. गावोगावी हार घेतले. तवा मी कुठी होती?"

इतक्या वर्षांत हे देवकाबाईच्या डोक्यात आलं नव्हतं. "बाई, तुमी... घरी असान."

"हो. घरीच असीन." भागीरथाबाईंनी पदर झटकला. "एक डाव मलेच धाड."

त्या दिवशी भागीरथाबाई बायांसोबत वावरात आल्या, आणि त्यांनी लोक तोंडात बोटं घालतील अशी गोष्ट केली. कमरेला ओटी बांधून ओळ धरली. देवकाबाईनं गोष्ट सुरू केली. राजकन्येचं हसू गेलं आणि ते आणायला मालकीणबाई निघाल्या. पायात चपला घातल्या. दारात पोचल्या तोच आतून आवाज आला, चहा टाका, पाहुणे आले. त्या परतल्या. चहा झाला, परत निघाल्या. उंबऱ्यात पाय ठेवला तोच सासऱ्यांचं औषध. मग गाय सुटली. मग पुढारी आले, त्यांच्यासोबत जीपभर माणसं, त्यांचा स्वयंपाक. बाया आधी हसत होत्या. मग हसणं कमी झालं. अर्धं वावर वेचून झालं तरी मालकीणबाई उंबरा ओलांडून बाहेर पडल्या नव्हत्या. नुसता बोंडांतून कापूस सुटण्याचा आवाज.

देवकाबाईलाही समजेना, पुढं न्यावं कसं. तिनं भल्याभल्यांना राक्षसापर्यंत पोचवलं होतं. ही बाई दारातून निघत नव्हती.

"जाऊ दे व तिले," पऱ्हाटीतून भागीरथाबाई म्हणाल्या.

"कशी जाऊ देऊ, बाई? चुलीवर आधण आहे."

"राहू दे आधण. आटलं तं आटलं." त्या सरळ उभ्या राहिल्या, आणि पुढची गोष्ट त्यांनीच सांगायला घेतली. अडखळत, मागचं पुढं करत. ती गेली. मागच्या दारानं गेली. नदीजवळ आली. नदी म्हणाली, एवढा उशीर काऊन केला? ती म्हणाली, तुह्या घरी पाहुणे येत नाई म्हून इचारतेस. नदी हसली अन् बाजूला झाली...

तेवढ्यात निंबाखालून बाबारावांची हाक आली. "अहो, चहा आणला का?"

बाया अशा हसल्या की जवळच्या झाडावरचे बगळे उडाले. बाबारावांना वाटलं, पुन्हा नारळच. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. भागीरथाबाई गेल्या, किटलीतून चहा ओतून दिला, परत येऊन ओळीत उभ्या राहिल्या.

"हं. तं कुठी होती मी?" त्या म्हणाल्या.

"नदी बाजूला झाली," आनंदाबाईनं सांगितलं.

ढग फुटायच्या आत वेचणी उरकली. भागीरथाबाई पुढं दर वर्षी एखाददुसरा दिवस वावरात येत. राक्षसाच्या गुहेपर्यंत त्या पोचल्या की नाही यावर बायांचं एकमत नाही. आनंदाबाई म्हणायची, पोचल्या, पण परत यायची त्यांना घाई नव्हती.

पुढं गावात वीज आली, सेलूच्या बाजारातून ट्रान्झिस्टर आले, वेचणीला जाणाऱ्या पोरींच्या ओटीत ते वाजायला लागले. देवकाबाईची गोष्ट कोणी मागितली तर ती सांगायची, नाही मागितली तर ट्रान्झिस्टर ऐकायची. सत्याऐंशीच्या हिवाळ्यात रूपरावाला दम लागायला लागला. बैल विकावे लागले. दिवसभर तो अंगणात उन्हात बाजेवर पडून राही आणि देवकाबाई वेचणीला न जाता त्याच्याजवळ तूर निवडत बसे.

एका दुपारी तो आढ्याकडे पाहावं तसा आभाळाकडे पाहत म्हणाला, "साऱ्या गावाले धाडलं. मले कधी नाई धाडलं."

देवकाबाईचे सुपातले हात थांबले. त्याची थट्टा करणारी गोष्ट तिला कधी सुचली नव्हती आणि थट्टेशिवायची गोष्ट ती राजपुत्र सोडून कोणाची सांगत नव्हती. "जाता?" तिनं विचारलं.

"जातो ना."

"घोड्यावर जाता का फटफटीवर?"

"बंडीनं. आपले बैल घेऊन."

बैल जाऊन दोन महिने झाले होते. तिनं तो विषय काढला नाही. तिनं बंडी जुंपली. नदीला पूर आला तेव्हा रूपराव म्हणाला, उडी नाही घेत, बैल भिजतील, उतरेपर्यंत थांबतो. तो थांबला. पूर उतरायला दुपार गेली. म्हातारीचा काटा त्यानं काढला, वर तिला बंडीत बसवून तिच्या गावी सोडायला गेला, आणि ते गाव तळेगावकडे, म्हणजे भलत्याच दिशेला. दुसऱ्या दिवशी गोष्ट तिथून पुढं सुरू झाली. राक्षसासमोर देवकाबाईनं त्याच्या हातात तलवार दिली.

"हे कायले?" रूपराव म्हणाला. "कधीचा एकटा बसून आहे तो गुहेत. तंबाखू मळून दे त्याले. इचार, जेवला का."

राक्षस जेवला नव्हता. दोघांनी शिदोरी सोडली. डबी राक्षसानं आपण होऊन दिली, वर म्हणाला, नेजो बापा, मले तरी कुठी हसता येते. तिसऱ्या दिवशी देवकाबाईनं गोष्ट उरकायला घेतली, कारण रूपरावाचा दम वाढला होता आणि तिला डॉक्टरला बोलवायचं होतं. "मग तुमी आले राजवाड्यात अन् दिली डबी राजकन्येच्या हाती," ती म्हणाली आणि उठायला लागली.

"नाई," रूपरावानं बाजेवरून हात हलवला. "नाई दिली अजून. मी हिंगणीतच आहो. बैल पाणी पिऊन राह्यले."

देवकाबाई परत खाली बसली. "पिऊ द्या," ती म्हणाली.